करंट आला म्हणून नाचू नका: लेसर आणि नॅनोसुईच्या प्रयोगात या चुका टाळा

व्हॅक्यूममधल्या टंगस्टनच्या अतिसूक्ष्म टोकाच्या सुईवर लेसरच्या पल्स, म्हणजे अगदी क्षणिक झोत, मारून इलेक्ट्रॉन सोडवायचे, असा आमचा प्रयोग. पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला ज्युनियरचा फोन आला. "दादा, करंट आला! 13 पिकोअँपिअर! सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी माझ्याकडून." (पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा लाख-कोटीवा भाग.) मी विचारलं, लेसर अडवलास तर किती उरतो? ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर 9 उरले. म्हणजे बहुतेक इलेक्ट्रॉन सुईला दिलेल्या व्होल्टेजनेच ओढले होते. सगळ्यांत जास्त रात्री खाणारी चूक हीच. आधी लेसर झाकून मोजा, तो आकडा शून्याला टेकेपर्यंत व्होल्टेज उतरवा.

दुसरी चूक जरा शहाण्या लोकांची. टंगस्टनचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे 4.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट; 800 नॅनोमीटरच्या लेसरचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, 1.55चा. एक इलेक्ट्रॉन सोडवायला तीन फोटॉन, म्हणून लेसरची पॉवर दुप्पट केली की करंट आठपट (2×2×2). तो आठपट झाला की फोटॉननेच इलेक्ट्रॉन सोडवले, असा निष्कर्ष लगेच लिहितात. अहो, सुई नुसती तापली तरी करंट असाच उसळतो! पल्स दुभंगून एक भाग किंचित उशिरा पोहोचवा. दोन्ही भाग एकमेकांपासून सुटताच जादा करंट नाहीसा झाला तर उत्सर्जन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं बाहेर पडणं, खरंच तत्काळ आहे. पिकोसेकंद (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) उलटूनही रेंगाळला तर ती उष्णता.

पल्स कुठे मोजता, तेही बघा. 10 फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) पल्स व्हॅक्यूम चेंबरच्या 5 मिलिमीटर क्वार्ट्झ काचेतून गेली की सुमारे 50ची होते. ऊर्जा तेवढीच, पण जास्त वेळात पसरल्याने तीन फोटॉनचं उत्सर्जन पंचवीस पटींनी घटतं. मग मंडळी पॉवर वाढवतात आणि टोक वितळवतात. तितक्याच करंटला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागलं, तर सुई बोथट झाली समजा. करंट उगाच नाचत असेल तर व्हॅक्यूम पाहा. टोकावर वायूचे रेणू चिकटलेले असतात.

आणि हाव नको. 80 मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आठ कोटी पल्स असताना, 13 पिकोअँपिअर म्हणजे पल्समागे सरासरी एक इलेक्ट्रॉन. त्याहून पुष्कळ काढले तर ते एकमेकांना ढकलतात, त्यांच्या ऊर्जा एकसारख्या राहत नाहीत.

त्या रात्री व्होल्टेज उतरवल्यावर निव्वळ लेसरचे 3 पिकोअँपिअर उरले. लेसरचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा, सुईच्या अक्षाला समांतर हवं. ते 30 अंश कललेलं होतं. ध्रुवण फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट स्वतः जितकी वळते त्याच्या दुप्पट ध्रुवण फिरवते, म्हणून प्लेट 15 अंशच वळवायला सांगितली. करंट 7वर गेला. पॉवरला कुणी हातही लावला नव्हता.