‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ बघायची तर शनिवार-रविवारीच

ही कोरियन मालिका दोन रात्रीत संपवली असं कुणी सांगितलं की मला मनापासून हळहळ वाटते. गोष्ट कळते, पण वाट बघणं हातून निसटतं, आणि दक्षिण कोरियाची सेरी आणि उत्तर कोरियाचा कप्तान री यांच्या या प्रेमकथेत वाट बघणंच तर सगळं आहे. म्हणून आमच्या घरी आई, मावशी आणि मी ती जशी बघतो, तशी बघायची पद्धत सांगते.

दक्षिण कोरियात ती टीव्हीएन या केबल वाहिनीवर लागली, १४ डिसेंबर २०१९ ते १६ फेब्रुवारी २०२०, शनिवारी आणि रविवारी रात्री नऊला. एकूण सोळा भाग. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथले नऊ ते आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. ही वेळ पाळाच. चहा घेऊन बसायचं, सातच्या आसपास भाग संपतो आणि रात्रीच्या स्वयंपाकाला उशीर होत नाही. शेवटचे भाग लांब आहेत, त्या दिवशी खिचडी टाकून मोकळं व्हावं.

मूळ प्रक्षेपणात दोन शनिवार-रविवार रिकामे गेले होते. पहिली सुट्टी सहाव्या भागानंतर, नव्या वर्षाच्या सुरुवातीला. दुसरी दहाव्यानंतर, कोरियन चांद्र नववर्षात. जमलं तर त्या दोन्ही सुट्ट्या तुम्हीही घ्या. सहाव्या भागाच्या शेवटी रस्त्यावर जे घडतं ते बघून पंधरा दिवस थांबायचं म्हणजे कठीण आहे, मला माहीत आहे. पण त्या पंधरा दिवसांत मावशी भाजी निवडताना मध्येच विचारते, ‘कप्तान वाचेल ना गं?’ हे विचारणं ज्या घरात होतं, त्या घराने मालिका खऱ्या अर्थाने बघितली.

बसण्याआधी एक काम करून ठेवा. नेटफ्लिक्सवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो, ते बंद करा. ब्राउझरमधून खात्यात जा, आपलं प्रोफाइल निवडा, प्लेबॅक सेटिंग्जमध्ये ऑटोप्लेची खूण काढा. संयम राखायला मदत होते हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. या मालिकेत भाग संपला असं वाटतं आणि मग एक छोटा उपसंहार येतो. आत्ता पाहिलेल्या प्रसंगाची दुसरी बाजू, किंवा सेरी आणि कप्तान यांच्या खूप आधीच्या आयुष्यातला एखादा क्षण. त्यांच्या स्वित्झर्लंडमधल्या जुन्या दिवसांचे धागे बरेचसे तिथेच उलगडतात. तेव्हा पडद्यावर खरोखर काही उरलं नाही याची खात्री होईपर्यंत रिमोटला हात लावू नका.

आवाज मूळ कोरियनच ठेवा. सेरी सोलची उद्योजिका, पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे पडलेली. कप्तान री आणि त्याचे शिपाई उत्तरेचे. दोघांचं बोलणं वेगळ्या वळणाचं आहे आणि भाषा येत नसली तरी दोन-तीन भागांत ते कानाला कळायला लागतं. गावातल्या बायका एकत्र जमल्या की त्यांचा तो हेल ऐकतच राहावा. लेखनाच्या चमूत उत्तर कोरियातून आलेले क्वाक मून-वान होते. लाकूडफाटा, मध्येच जाणारी वीज, वीज नाही म्हणून माळावर रात्रभर अडकलेली आगगाडी, हे सगळं इतकं सहज येतं यात त्यांचा वाटा मोठा असणार.

घरातल्या मोठ्या माणसांना सबटायटल्स वाचणं जड जातं. आमच्याकडे मी मराठीत सांगत जाते. संवादाच्या मध्ये थांबवू नका, प्रसंग बदलला की थांबवा आणि दोन वाक्यांत सांगा. पुष्कळदा सांगावंही लागत नाही. कप्तान सेरीसाठी कॉफीच्या बिया भाजून, हाताने दळून कॉफी करतो, तिथे आईने मला हातानेच गप्प केलं होतं. मात्र हात रिकामे हवेत. आपल्या मालिका मेथी निवडत नुसत्या कानांनी बघता येतात, ही येत नाही.

नावांचा गोंधळ होतोच. कोरियन नावात आडनाव आधी येतं: यून से-री, री जंग-ह्यॉक. मावशीने सगळ्यांना आपली नावं देऊन टाकली आहेत. चोरून लोकांचं बोलणं ऐकणारा तो ‘कानवाला’, चार शिपाई म्हणजे ‘पोरं’, आणि त्यातला दक्षिणेच्या मालिकांचं वेड असलेला ‘आपला’. तुम्हीही द्या, पहिल्या दोन भागांतच.

आणि सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं सीमेबद्दल बोला. हे सर्वांत महत्त्वाचं. मावशीने पहिल्यांदा विचारलं होतं, ‘व्हिसा काढून का जात नाही ती?’ प्रश्न रास्त आहे. १९५३च्या जुलैत कोरियन युद्ध थांबलं ते युद्धबंदीवर, शांतता करार आजही झालेला नाही. दोन्ही देशांमध्ये सुमारे चार किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. सामान्य माणसाला तो ओलांडता येत नाही, आणि पलीकडच्या माणसाला साधं पत्र टाकायचीही सोय नाही. हे डोक्यात असेल तर सेरी-कप्तानच्या प्रत्येक निरोपाचं वजन कळतं. नाहीतर ती नुसती दोन देखण्या माणसांची ताटातूट वाटेल.

खलनायक चो चॉल-गांगची पाठलागाची दृश्यं मला थोडी लांबलेली वाटतात. तेवढ्यात कुणी पाणी प्यायला उठलं तर उठू द्या. पण सेओ दान आणि गू सुंग-जुन या दुसऱ्या जोडीच्या वेळी कुणालाही उठू देऊ नका. त्यांना दुय्यम समजून बघणारा माणूस शेवटच्या दोन भागांत फार पस्तावतो.

शेवट मी सांगणार नाही. कोरियातल्या शेवटच्या भागाचं रेटिंग २१.७ टक्क्यांच्या घरात गेलं होतं, पहिल्या भागाच्या तिपटीहून जास्त, आणि त्या वेळी टीव्हीएनच्या मालिकांमधला तो उच्चांक होता. कप्तान आणि सेरीचं काम करणारे ह्यून बिन आणि सोन ये-जिन यांनी पुढे २०२२च्या मार्चमध्ये खरोखरच लग्न केलं, ही बातमी मात्र सोळावा भाग पाहून झाल्यावरच घरच्यांना सांगा. त्या संध्याकाळी तिची गरज पडते.

स्वित्झर्लंडला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर मालिकेत कप्तान पियानो वाजवतो तो तलावातला धक्का इझेल्टवाल्ड गावात, ब्रिएंझ तलावाकाठी आहे. गर्दी इतकी वाढली की आता धक्क्यावर जायला पाच फ्रँक घेतात. लेखिका पार्क जी-उन यांचीच ‘क्वीन ऑफ टीअर्स’ २०२४मध्ये आली, तीही टीव्हीएनवर, तीही शनिवार-रविवारी, सोळाच भाग. ती लगेच सुरू करू नका, मध्ये निदान महिनाभर जाऊ द्या.