गुडघ्यात स्टेम सेल इंजेक्शन घ्यायचंय? पैसे भरायच्या आधी हे करा

"ऑपरेशन टळेल, कूर्चा (सांध्यात हाडांमधली गादी) नवीन येईल" अशी जाहिरात बघून आईची अपॉइंटमेंट घेतली असेल तर ॲडव्हान्स भरू नका लगेच. आधी एक्स-रे बघा, आणि तो उभं राहून काढलेला हवा, झोपून काढला की सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. त्यावरून झिजेची 1 ते 4 ग्रेड ठरते. चौथी ग्रेड म्हणजे हाडाला हाड लागलेलं, तिथे इंजेक्शनची गॅरंटी कुणी देत असेल तर सरळ उठून या.

मग विचारा, स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, नक्की कुठून आणताय? सगळी गोम इथेच आहे. हातातलं रक्त काढून मशीनमध्ये फिरवून गुडघ्यात सोडतात ते पीआरपी, त्यात प्लेटलेट्स असतात, ती स्टेम सेल ट्रीटमेंट नाहीच. कंबरेच्या हाडातून मगज काढून त्याच दिवशी टोचतात त्यात स्टेम सेल असतात पण नावापुरत्या, दहा हजारात एखादी. तिसरा प्रकार लॅबमध्ये वाढवलेल्या सेलचा. त्यात आपल्याकडे बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं स्टेमवन आहे, अल्केम विकते, त्याला 2022 मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, तीही ग्रेड 2 आणि 3 साठी.

म्हणून प्रॉडक्टचं नाव कागदावर लिहून मागा. "आमची स्वतःची टेक्निक आहे" असं उत्तर आलं तर सीटीआरआय (औषधांच्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर मागा, कारण आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमावलीप्रमाणे परवानगी नसलेली स्टेम सेल ट्रीटमेंट फक्त ट्रायलमध्येच देता येते. नंबर सीटीआरआयच्या साइटवर फुकट तपासता येतो. आणि ट्रायल म्हणायचं वर पेशंटकडून पैसेही घ्यायचे, हे चालत नाही.

फायदा किती होतो? अमेरिकेत जवळपास 480 पेशंटवर तीन प्रकारच्या सेल आणि साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन यांची तुलना केली, 2023 मध्ये छापून आली, वर्षभराने दुखण्यात सेलवाले काही पुढे नव्हते, एमआरआयमध्येही फरक नाही. 2025 चा कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा, म्हणतो दुखणं थोडं कमी होत असावं, पण पुरावा कच्चा. म्हणजे अगदीच थोतांड नाही, पण कूर्चा परत येते म्हणून कर्ज काढावं असंही काही नाही हो.

तोवर फिजिओकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, पाय सरळ ठेवून उचलायचा वगैरे, कंटाळवाणे आहेत पण रोजच करायचे. उकिडवं बसणं बंद, कमोड वापरा. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, आणि हे फुकट आहे.

सगळं तपासून घ्यायचंच ठरलं तर शुगर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. नंतर एक-दोन दिवस गुडघा सुजतो, ठणकतो, ते चालतं, पण लाल होऊन गरम लागला, ताप आला, पाय टेकवेना तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, सांध्यात इन्फेक्शन झालं तर सकाळपर्यंत थांबायची सोय नसते.