वीज कंपनीचा सीएफओ राजीनामा देतो, तेव्हा भागधारकाने काय तपासावं?

ऊर्जा कंपनीतल्या सीएफओसारख्या (मुख्य वित्त अधिकारी) मोठ्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला की शेअर त्याच दिवशी हलतो. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘विका’ आणि ‘आता स्वस्तात घ्या’ असे दोन्ही सल्ले एकदमच येऊन पडतात. दोन्हींकडे दुर्लक्ष करून आधी पुढची कामं करा. त्याला फार तर एक संध्याकाळ लागेल.

१. बातमी नको, मूळ पत्र वाचा

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून घोषणांचा विभाग उघडा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमांनुसार संचालक किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याचा राजीनामा २४ तासांत शेअर बाजाराला कळवावा लागतो. पण बहुतेक जण इथेच थांबतात. सीएफओ, एमडी (व्यवस्थापकीय संचालक), कंपनी सेक्रेटरी अशा पदांवरच्या व्यक्तीचं सविस्तर कारणं दिलेलं पत्र मात्र राजीनामा अमलात आल्यानंतर सात दिवसांपर्यंत येऊ शकतं. म्हणजे पहिल्या दिवशी हाती येते ती कंपनीने लिहिलेली दोन ओळींची सूचना. जाणाऱ्याचे स्वतःचे शब्द नंतर येतात, तेव्हा बातमी शिळी झालेली असते आणि ते कुणी वाचत नाही. कार्यमुक्तीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि त्यानंतर आठवड्याभराने पुन्हा जाऊन बघा.

२. कोणती खुर्ची रिकामी झाली?

ऊर्जा कंपनीत सगळ्या खुर्च्यांचं वजन सारखं नसतं. सौर किंवा पवन प्रकल्पाची वीज बहुधा २५ वर्षांच्या करारावर विकलेली असते. एमडी बदलला म्हणून त्या कराराचा दर बदलत नाही. हा धंदा चालतो तो मात्र कर्जावर. त्यामुळे बँकांशी रोज बोलणारा, हप्त्यांच्या तारखा सांभाळणारा सीएफओ गेला, तर मी एमडी जाण्यापेक्षा जास्त दचकतो. ऑडिटरने मुदतीआधी काम सोडलं तर त्याहूनही जास्त.

सरकारी कंपन्यांचं गणित वेगळं आहे. तिथे वयाची ६० वर्षं झाली की अध्यक्ष निवृत्त होतो, हे आधीपासून माहीत असतं. ओएनजीसी या सरकारी तेल-वायू कंपनीत मार्च २०२१ अखेरीपासून डिसेंबर २०२२ पर्यंत पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता, एकामागून एक तिघांनी अतिरिक्त कार्यभार सांभाळला. तिथे प्रश्न लबाडीचा नसतो, मोठे निर्णय रखडण्याचा असतो.

३. पत्रातली भाषा

‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका, चांगलं नाही आणि वाईटही नाही. स्वतंत्र संचालकाला (कंपनीशी किंवा मालकांशी हितसंबंध नसलेल्या संचालकाला) मात्र राजीनाम्याची कारणं द्यावी लागतात आणि याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही, हेही लेखी सांगावं लागतं. म्हणून त्याच्या पत्रातला प्रत्येक शब्द तोलून वाचा.

पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण घ्या. जून २०२४ मध्ये मार्क डेसाडेलीर या स्वतंत्र संचालकांनी कंपनीच्या कारभाराच्या दर्जाबद्दल नाराजी नोंदवून राजीनामा दिला. शेअर घसरला, ५० रुपयांच्या खाली आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो ८० च्या वर होता. घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान झालं, हे खरं. पण म्हणून ते पत्र बिनमहत्त्वाचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी कंपनीवरचं कर्ज जवळपास फिटलेलं होतं आणि ऑर्डरी वाढत होत्या, म्हणून एका पत्राने डोलारा कोसळला नाही. पत्र वाचल्यावर ताळेबंद उघडायचा तो यासाठी.

४. तारखांची यादी करा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. वहीत किंवा एक्सेलमध्ये मागच्या दोन वर्षांतल्या तारखा एकाखाली एक लिहा: कोण गेलं, ऑडिटर कधी बदलला, रेटिंग (कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळालेली श्रेणी) कधी घसरलं, प्रवर्तकांनी (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांनी) शेअर कधी विकले किंवा तारण ठेवले, निकालाला कधी उशीर झाला. एकटा राजीनामा फारसं बोलत नाही. तो या रांगेत कुठे बसतो, ते बोलतं.

जेनसोल इंजिनिअरिंग ही अहमदाबादची कंपनी सौर प्रकल्प उभारायची आणि ब्लूस्मार्ट या टॅक्सी कंपनीला विजेवरच्या गाड्या भाड्याने द्यायची. तिची रांग अशी लागते. मार्च २०२५ च्या सुरुवातीला केअर आणि इक्रा या दोन्ही रेटिंग संस्थांनी रेटिंग थेट ‘डी’ वर आणलं, म्हणजे कर्ज थकलं. कर्जफेडीबद्दल दिलेली कागदपत्रं खोटी असल्याचा संशयही पुढे आला. त्याच महिन्यात सीएफओ बदलला. ९ एप्रिलला एनएसईचे अधिकारी पुण्याजवळ चाकणला कंपनीचा गाड्यांचा कारखाना बघायला गेले, तर तिथे उत्पादनाचं नाव नव्हतं, दोन-तीन मजूर होते. त्यांनी महावितरणची बिलंही तपासली. वर्षभरातलं सर्वांत मोठं मासिक बिल दीड लाख रुपयांच्या आसपास होतं. गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचं हे बिल! १५ एप्रिलला सेबीचा अंतरिम आदेश आला. ६,४०० गाड्यांसाठी घेतलेल्या कर्जातून ४,७०४ गाड्याच घेतल्या गेल्या आणि २६२ कोटींचा हिशेब लागत नाही, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतंत्र संचालक अरुण मेनन यांनी राजीनामा दिला. कंपनीच्या ताळेबंदावर कर्ज काढून दुसऱ्या धंद्यांत पैसा घातला जातोय, ही चिंता त्यांच्या पत्रात होती. मे महिन्यात अनमोल आणि पुनीत सिंग जग्गी हे प्रवर्तक बंधू पायउतार झाले आणि नवा सीएफओही गेला.

आता क्रम बघा. सर्वांत स्पष्ट बोलणारं पत्र आलं ते सेबीच्या आदेशानंतर. तोवर शेअरला जवळपास रोज खालचं सर्किट (एका दिवसातल्या घसरणीची कमाल मर्यादा) लागत होतं आणि विकायला बसलेल्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं. कंपनीचे लाखाहून जास्त भागधारक होते, त्यांतले बरेच छोटे. त्यांना वाचवू शकली असती ती मार्चमधली जोडी: रेटिंगची घसरण आणि सीएफओचा बदल. म्हणून माझं मत ठाम आहे. सीएफओ, ऑडिटर आणि स्वतंत्र संचालक यांपैकी दोघे वर्षभरात गेले आणि त्याच काळात रेटिंगही घसरलं, तर खरेदीची किंमत परत येण्याची वाट बघत बसू नये.

५. जागा कोण घेतंय?

सीएफओ किंवा एमडीची जागा तीन महिन्यांत भरावी लागते. उत्तराधिकारी त्याच पत्रात जाहीर झाला असेल तर ते जाणं बहुधा ठरवून झालेलं आहे. सुझलॉनचे संस्थापक तुलसी तांती १ ऑक्टोबर २०२२ रोजी अचानक वारले. कंपनीचा १,२०० कोटींचा राइट्स इश्यू (असलेल्या भागधारकांना नव्या शेअरची विक्री) दहा दिवसांवर होता. आठवड्याभरात विनोद तांती अध्यक्ष आणि एमडी झाले, इश्यू ठरल्या तारखेला उघडला आणि पूर्ण भरला. संस्थापकाच्या मृत्यूइतका मोठा धक्काही घडी बसवलेली असेल तर पचतो.

६. विचारा आणि मत द्या

तिमाही निकालानंतरच्या कॉन्कॉलचं (व्यवस्थापन आणि विश्लेषकांच्या फोनवरच्या प्रश्नोत्तरांचं) रेकॉर्डिंग कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. त्यात राजीनाम्याच्या प्रश्नावर व्यवस्थापन काय बोललं, तेवढा भाग तरी ऐका. कंपनी सेक्रेटरीला ईमेल करा आणि नेमकं विचारा: कर्जाच्या करारात या पदाबाबत काही अट आहे का, बँकांना कळवलं का, हप्ते वेळेवर जात आहेत का? राजीनाम्याचं पत्रच बाजाराला दिलं नसेल आणि कंपनी उत्तरही देत नसेल, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते.

नव्या संचालकाच्या नेमणुकीला तीन महिन्यांत किंवा पुढच्या सभेत, जे आधी येईल तेव्हा, भागधारकांची मंजुरी लागते. त्यासाठी तुमच्या ईमेलवर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या ई-व्होटिंगचा दुवा येतो आणि बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये तो न उघडताच पडून राहतो. सोबतच्या नोटिशीत उमेदवाराची माहिती असते: तो आणखी कोणत्या कंपन्यांत संचालक आहे, प्रवर्तकांशी नातं आहे का, पगार किती. स्वतंत्र संचालकासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत, त्यामुळे छोट्या भागधारकांच्या मतालाही तिथे वजन येतं. टपाली मतदान (सभा न घेता होणारं मतदान) असेल तर खिडकी ३० दिवस उघडी असते. सभा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते.