धाब्यावर खारी टाकताना

आमचं घर अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी, पणजोबांच्या हातचं. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाचे सर म्हणजे जाड तुळया, त्यांवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, कड्यांवर किलचन म्हणजे फळकुटांचा थर आणि सगळ्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. वैशाखात शेजारी स्लॅबखाली कूलर लावूनही तळमळतात, आमच्या माजघरात दुपारी डोळा लागतो. मात्र धाबं दरवर्षी चाकरी करून घेतं: पावसाळ्याआधी त्यावर नवी खारी, म्हणजे पाणी झिरपू न देणारी क्षारयुक्त माती, टाकावी लागते.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, बायांचे पापड-बिबडे वाळून उतरले की कामाला लागा. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो, त्याआधी आटपा.

आधी वर चढू नका. घरात उभं राहून, सर जिथे भिंतीत शिरतो तिथे दाभणाने टोचून बघा. लाकूड सडतं ते तिथंच, मधे ठणठणीत दिसतं. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर टेकू द्या आणि सुताराला बोलवा.

खारी ओळखायची आमच्या आजीची रीत: पेलाभर पाण्यात वाळकं ढेकूळ सोडायचं. पाणी दुधाळ झालं आणि तासाभरानेही निवळलं नाही, तर माती खरी. तिच्यातल्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि भिजल्यावर बारीक छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी झिरपत नाही. शेतातली काळी माती चुकूनही नको. ती वाळली की भेगाळते.

गवत, पिंपळाची रोपं मुळासकट उपटा. मग जुना थर खरवडा. हे कोणी करत नाही, दरसाल नुसती वरून ओततात. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन इंच खारी म्हणजे सातेकशे किलो! सर किती वर्षं सोसणार?

नवी खारी पसरताना उतार पन्हाळीकडे ठेवा. तांब्याभर पाणी ओता, थांबलं तिथे खळगा समजा. हलकं शिंपडून चोपण्याने चोपा.

मी एकदा शहाणपणा करून ओसरीच्या धाब्यावर सिमेंटचा कोबा केला. त्याला चीर पडली, आत गेलेलं पाणी वाळायला वाट राहिली नाही. दोन सर बदलावे लागले, भाऊ, आणि सागाचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे.

दोन टोपल्या खारी जिन्याखाली कोरडी राखून ठेवा. पहिल्या पावसात कुठे टिपकलं तर भर पावसात वर जायचं, त्या जागी ओंजळभर टाकायची आणि टाचेनं दाबायची.