पोटच्या मुलाचा जाच सोसणारे कामगार: मालकांनी आणि एचआरने या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतला चटई कारखाना असो, धुळ्याची अवधान वसाहत असो की नंदुरबारची मिरचीची गोदामं, कामगाराच्या घरातला त्रास कामावर दिसतोच. नवऱ्याने मारलं तर बाई निदान एखाद्या मैत्रिणीजवळ बोलते. पोटच्या पोराने हात उचलला, पगार हिसकावला, शिव्या देत रात्रभर झोपू दिलं नाही, हे आईबाप कुणालाच सांगत नाहीत. "पोऱ्या ऐकत नही" एवढ्यावर विषय मिटतो. अशा माणसाचं घर सुधारणं मालकाच्या हातात नसतं. पगार, पाळी, रजा आणि गेट मात्र त्याच्याच हातात असतं, आणि चुकाही बहुतेक तिथेच होतात.

गैरहजेरी मोजली, कारण पाहिलं नाही

टाइम ऑफिसात एकच नोंद होते: खाडा. त्यावरून मेमो निघतो आणि माणूस आणखी गप्प होतो. मेमोआधी खाड्याच्या तारखा पगाराच्या तारखेशेजारी ठेवून बघा. पगार झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दर महिन्याला खाडा, महिन्यातून दोन-तीनदा उचल, पाळी सुटल्यावरही घरी जायची टाळाटाळ, डबल ड्युटी स्वतःहून मागणं, एकाच नंबरवरून सतत फोन आणि तो आला की चेहरा उतरणं, यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर एकांतात विचारायला हवं. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो, रस्त्यावर सगळेच तोंड-डोकं बांधून येतात. पण आत आल्यावर, पंख्याखाली पाणी पितानाही जिची ओढणी मानेवरून निघत नाही, शर्टाची बाही कोपराच्या वर जात नाही, त्या माणसाकडे लक्ष द्या. मार अडवायला हात पुढे केला की वळ मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला उठतात.

विचारायचं ते साधेपणाने. "मावशी, घरी कुणी त्रास देतंय का? मला सांगितलं तर तुमच्या परवानगीशिवाय पुढे जाणार नाही." एवढं पुरतं. "पोराला लाडावून ठेवलं तुम्ही" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की ती पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. आपलंच चुकलं असं ती आधीच रोज स्वतःला सांगत असते.

वडीलकीच्या नात्याने मध्ये पडणं

आपल्याकडे ही चूक सर्वांत जास्त होते, आणि होते ती चांगल्या मनाने. सुपरवायझर मुलाला गेटवर बोलावून दम देतो. शेठ समाजातल्या चार मोठ्या माणसांना घेऊन घरी जातात. मुलगा सगळ्यांसमोर मान खाली घालतो, आईच्या पाया पडतो. माणसं निघून गेल्यावर त्याचा एकच प्रश्न असतो: "बाहेर सांगितलंस?" त्या रात्रीचा मार नेहमीपेक्षा जास्त असतो, आणि कामावरची एकुलती भरवशाची जागाही तिच्या हातून जाते.

"पोराला आपल्याकडेच चिकटवून घेऊ, कामाला लागला की सुधरेल" हा त्याचाच दुसरा प्रकार. मग आईला घरी नि कामावर, दोन्हीकडे तो समोर. मुलगा आधीपासूनच त्याच कारखान्यात असेल (वडिलांच्या शब्दावर मुलाला घ्यायची रीत इथे जुनी आहे) तर दोघांची पाळी आणि कामाचा विभाग वेगळा करा, पण रागाच्या भरात त्याला काढून टाकू नका. रिकामा आणि चिडलेला तो घरीच बसणार असतो. कामावर त्याने शिवीगाळ किंवा मारहाण केली तर ती कामावरची शिस्तभंगाची बाब आहे. तिची चौकशी नेहमीच्या पद्धतीने करा, आईवडिलांना साक्षीला न ओढता.

हा विषय अंतर्गत तक्रार समितीकडे टाकणंही चूकच. ती समिती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी आहे, घरच्या मारहाणीवर निर्णय द्यायचा तिला अधिकार नाही. एकच जबाबदार माणूस नेमा, शक्यतो त्या कामगाराच्या गावचा किंवा भाऊबंदकीतला नसलेला. यावल-रावेर भागातून एकाच कंपनी बसने येणाऱ्या माणसांत गोष्ट दुसऱ्या दिवशी गावात पोचते. नोंद बंद पाकिटात ठेवा, व्हॉट्सअॅपवर काही लिहू नका, घरच्या पत्त्यावर पत्र पाठवू नका.

पगार आणि उचल

"आईने पाठवलंय, दोन हजार द्या" असं म्हणत मुलगा ऑफिसात येतो आणि ओळखीपोटी कॅशियर देऊन टाकतो. उचल असो की बोनस, कामगाराच्या स्वतःच्या सहीशिवाय आणि समोर आल्याशिवाय कुणालाही नाही, हा नियम सगळ्यांसाठी करा. सगळ्यांसाठी असला की कुणा एकीकडे बोट जात नाही आणि तिलाही घरी सांगता येतं, "कंपनीचा नियमच आहे."

पगार खात्यात जातो म्हणून तो सुरक्षित आहे असं समजू नका. एटीएम कार्ड, पिन आणि सिम बहुधा मुलाच्याच हातात असतं. म्हणून क्रमाने जा. आधी तिच्या स्वतःच्या नावाचं सिम. मग आधारला जोडलेला नंबर बदलणं. त्यानंतर दुसऱ्या बँकेत नवं खातं, हवं तर एटीएम कार्ड न घेता, आणि पासबुक कामावरच्या कुलपाच्या कपाटात. शेवटी पीएफ: यूएएनला (पीएफच्या कायम खाते क्रमांकाला) कोणता मोबाइल जोडलाय ते तपासा, कारण तो मुलाकडे असेल तर ऑनलाइन अर्ज करून पैसे काढले गेल्याचं तिला नंतरच कळेल. नामनिर्देशन बदलायचं असेल तर ई-नॉमिनेशनने बदलता येतं, मात्र ओटीपी आधारच्या नंबरवर येतो. आधीची पायरी चुकली की इथे गाडी अडते.

एक धोका नीट लक्षात घ्या. दारू, गांजा किंवा ऑनलाइन जुगाराला लागलेल्या मुलाचे पैसे एका महिन्यात एकदम बंद झाले तर मारहाण वाढते. म्हणून सगळा पगार एका फटक्यात वळवू नका. थोडी रक्कम जुन्या खात्यात जात राहू द्या आणि बाकीची नव्या. किती नि केव्हापासून, हे तिने ठरवायचं. मोठी उचल देऊन मदत केल्याचं समाधान तुम्हाला मिळतं, पण पैसे जातात मुलाकडे आणि कापले जातात तिच्या पगारातून. त्यापेक्षा दवाखान्याचं बिल, धाकट्या मुलीची फी किंवा किराणा परस्पर भरा.

पाळी, मशीन, गेट

"रात्री घरी त्रास होतो ना, मग दुसरी पाळी घ्या" असं परस्पर ठरवू नका. घरात आणखी कोण आहे ते आधी विचारा. धाकटी मुलगी किंवा म्हातारी सासू त्या मुलाबरोबर एकटी राहणार असेल तर तिला रात्री घरी असणंच गरजेचं वाटतं. दुसऱ्या पाळीत यायला ती तयार असेल तर रात्री अकराला सुटल्यावर बसमधून उतरायची जागा बदलून द्या.

रात्रभर न झोपलेल्या माणसाला जिनिंगच्या किंवा मोल्डिंगच्या मशीनवर उभं करू नका. काही दिवस पॅकिंगला घ्या, हजेरी आणि दर तोच ठेवून. दर कापला तर पुढच्या वेळी ती झोप न झाल्याचं सांगणारच नाही.

गेटवरच्या वॉचमनला फक्त तीन गोष्टी सांगा: ती आत आहे की नाही हे मुलाला सांगायचं नाही, त्याला आत सोडायचं नाही, वाद घालायचा नाही. कारण सांगायची गरज नाही. मुलाने गेटवर धिंगाणा घातला तर सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवा, डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये) जुनं पुसून नवं चढतं. हत्यार असेल, जिवाची धमकी असेल तर ११२. तिथे परवानगीची वाट पाहायची नाही.

मुलाचं वय न विचारता सल्ला देणं

मुलगा किंवा मुलगी १८ खाली असेल तर प्रकरण साधारणपणे बाल न्याय मंडळाकडे जातं. अशा वेळी पहिला फोन मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला. वागण्यात अचानक फरक पडला असेल, भास, संशय, झोप उडणं असं काही असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. व्यसनासाठी १४४४६.

मूल सज्ञान असेल तर आईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्वांत उपयोगी. तो फक्त नवऱ्याविरुद्ध आहे हा समज चुकीचा आहे, मुलाविरुद्धही दंडाधिकाऱ्याकडून संरक्षणाचा आदेश मिळतो. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुलगी किंवा सून हिच्याविरुद्धही अर्ज करता येतो. अर्ज भरून द्यायला संरक्षण अधिकारी असतात, १८१ वर माहिती मिळते. वडिलांना मात्र हा कायदा लागू नाही.

"ज्येष्ठ नागरिक कायद्यात अर्ज टाका" हा सल्ला सर्रास दिला जातो. २००७ च्या त्या कायद्यात आईवडील साठीच्या आतले असले तरी निर्वाहासाठी अर्ज करू शकतात, पण स्वतःच्या कमाईवर भागत नाही हे दाखवावं लागतं. पगारदाराचं प्रकरण तिथे लंगडं पडतं. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेलं घर परत मिळवायचं असेल तर वय ६० पूर्ण हवं. साठीपुढच्या वॉचमन काकांना किंवा स्वयंपाकाच्या मावशींना मात्र हा रस्ता चांगला आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे फैजपूर, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा ठिकाणी. वकील लावावाच लागत नाही. चौकशीसाठी १४५६७.

साठीच्या आतल्या वडिलांना पोलीस ठाण्यातच जावं लागतं. साधी दुखापत अदखलपात्र असते (पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत), म्हणून हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत मिळते आणि माणूस "काहीच झालं नाही" म्हणून परततो. ती प्रत टाकून देऊ देऊ नका. सरकारी दवाखान्यातली वैद्यकीय नोंद, जखमेचे तारखेसह फोटो आणि दोन-तीन एनसी एकत्र असल्या की प्रतिबंधक कारवाईची मागणी करता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

तक्रार करायचीच, अशी सक्ती मात्र करू नका. पोराचं लग्न, पोलीस भरती, गावातलं नाव, हे सगळं त्या आईबापाच्या मनात असतं. आज नको म्हणाली तर नंबर लिहिलेला कागद तुमच्याकडेच ठेवा, तिच्या पिशवीत सापडायला नको.

रजा आणि ठेकेदाराची माणसं

कोर्ट, प्रांत कार्यालय, बँक, दवाखाना, सगळं कामाच्या वेळेतच उघडं असतं. वर्षाला पाच जादा भरपगारी रजा, अर्ध्या दिवसानेही घेता येतील अशा, ठेवल्या तर पुरे होतात. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" एवढंच लिहा, पुरावा मागू नका.

हे सगळं फक्त हजेरीपटावरच्या कायम कामगारांपुरतं ठेवलं तर ज्यांना जास्त गरज आहे तेच सुटतात. मिरचीचे देठ खुडणाऱ्या, डाळमिलमध्ये निवडणीला बसणाऱ्या, केळीच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया ठेकेदाराच्या असतात. त्यांची मजुरी मुकादमाकडून रोख मिळते आणि मुलगा तिथेच उभा राहून घेऊन जातो. ठेक्याच्या करारात दोन ओळी घाला: मजुरी कामगाराच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात, आणि नेमलेल्या माणसाशी बोलायची मुभा ठेकेदाराच्या माणसांनाही. मुकादम बदलला की नव्याला या ओळी पुन्हा वाचून दाखवा.