जुनं कॅलेंडर रद्दीत टाकण्याआधी

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की जुनं लगेच रद्दीत जातं. यंदा तसं करू नका. डिसेंबरच्या शेवटी, बेळगावच्या थंडीत चहाचा कप घेऊन त्याच्यासोबत अर्धा तास बसा. नुसत्या आठवणीवर वर्षाचा हिशेब मांडला तर दिवाळीनंतरचंच काय ते डोळ्यांसमोर येतं. कॅलेंडरवर मात्र सगळं असतं: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, खानापूरच्या लग्नाभोवती काढलेला गोल, दवाखान्याची वेळ. त्या त्या महिन्याचे मोबाईलमधले फोटोही बघा.

वहीत दर महिन्याला एकच ओळ लिहा. ‘जून – पेरणी लांबली, आईचा गुडघा दुखायला लागला’ एवढं पुरे. मग ज्यात जीव रमला त्याला टिंब, ज्याने जीव खाल्ला त्याला फुली. एकच फुली तीन-चार महिन्यांत दिसली तर तिथे थांबा. माझ्या वहीत ‘उसने दिलेले पैसे मागायचे राहिले’ पाचदा निघालं, आणि मी स्वतःला रोखठोक समजत होतो!

संकल्प मात्र लगेच करू नका. आपला पाडवा आणि शेजारच्या कन्नड घरातला युगादी मार्च-एप्रिलमध्ये एकाच दिवशी येतो. तोवर वही कपाटात राहू द्या. पाडव्याला कडुलिंब-गूळ तोंडात टाकून फुल्या पुन्हा वाचा. तेव्हाही जी टोचेल, तेवढीच हातात घ्या.