परदेशात गाडी चालवायचीय? आधी कागदपत्रं बघून घ्या

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकूया. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, हे वेगळं लायसन्स नाहीये. तुमच्याकडे आहे त्याच लायसन्सचं ते बऱ्याच भाषांमधलं अधिकृत भाषांतर आहे, बस. त्यामुळे ओरिजिनल घरी राहिलं आणि नुसतं आयडीपी पुढे केलं तर काही उपयोग नाही, आणि लायसन्सच्या मोबाईलमधल्या फोटोवर तर अजिबात विसंबू नका.

आयडीपी लायसन्स ज्या देशाचं आहे तिथेच निघतं, म्हणून निघायच्या आधीच काढा. नेटवर १०-२० वर्षं चालणारं इंटरनॅशनल लायसन्स विकणारे भेटतील, त्यांच्या नादी प्लीज लागू नका. कारण साधं आहे, रस्ते वाहतुकीचे दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत, त्यातल्या १९४९ च्या जिनिव्हा करारातलं आयडीपी १ वर्ष चालतं आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं जास्तीत जास्त ३ वर्षं, तेही मूळ लायसन्स तोवर चालू असेल तरच.

आता हे दोन करार नीट समजून घ्या, कारण खरी गडबड इथेच होते. काही देश एक मानतात, काही दुसरा, काही दोन्ही. जपानला फक्त १९४९ वालंच चालतं, १९६८ वालं असेल तर तिकडे ते नसल्यासारखंच. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडच्या लायसन्सवाल्यांसाठी जपानची सोय वेगळी आहे, त्यांना लायसन्ससोबत अधिकृत जपानी भाषांतर लागतं. आणि चीनच्या मुख्य भूमीत तर आयडीपीच चालत नाही, तिथलं टेम्पररी लायसन्स काढावं लागतं. आपलं कोणतं आहे ते पुस्तिकेच्या कव्हरवर कराराची तारीख असते त्यावरून कळतं, हातात आल्या आल्या बघा.

आतलं शिक्क्यांचं पान पण बघा. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे कार. कारचाच शिक्का आहे आणि तिकडे जाऊन मोठी स्कूटर भाड्याने घेतली की कायद्याने तुम्ही बिनलायसन्सचे, मग अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या डोक्यावर. बीचवर भाड्याने देणारा काही विचारत नाही म्हणून चालतंय असं समजू नका, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

भाड्याची कार असेल तर पासपोर्ट, लायसन्स, आयडीपी आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. दुसरं कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव अॅग्रीमेंटमध्ये घालून घ्या, नाहीतर इन्शुरन्सचं कव्हर मिळणार नाही. बॉर्डर ओलांडायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या, तोंडी हो म्हणाले ते धरू नका.

स्वतःची गाडी घेऊन जाताय तर रजिस्ट्रेशनचे ओरिजिनल कागद, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं पत्र, आणि त्या देशात चालणारा इन्शुरन्स. युरोपात आणि आसपासच्या काही देशांत त्यासाठी ग्रीन कार्ड असतं (आता ते पांढऱ्या कागदावरही छापतात, खोटं समजून फेकू नका). काही देशांत कस्टम्ससाठी कार्ने (गाडी परत बाहेर नेणार याची हमी देणारं कागदपत्र) पण लागतं, ते काढायला वेळ जातो.

सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा, आणि गाडीतून उतरताना ओरिजिनल कागद गाडीत सोडून जाऊ नका.